विसार देण्याआधी

आंदर मावळात बैलाचा भाव विचारला तर दोन आकडे ऐकू येतात. एक शेतीच्या बैलाचा, दुसरा शर्यतीच्या घाटात पळणाऱ्याचा. दुसरा लाखांत असतो, आणि तो सांगताना माणसाचा आवाज आपोआप चढतो. भातखाचरात चिखलणीला आता पॉवर टिलर उतरतो. तरी गोठ्यात एक पळणारा खोंड असावा, ही हौस काही ओसरलेली नाही.

घोडे अडते पैशापाशी. इथला मुख्य आधार पावसावरचा इंद्रायणी भात, त्याचा पैसा येतो दिवाळीनंतर एकदाच. जोडीला दुधाचा पगार, नाहीतर टाकव्याच्या कारखान्यातली एखाद्याची नोकरी. अशा घरात लाखभर रुपये शिल्लक पडले, की कोणीतरी निरोप आणतो: तीन लाखांत बैल सुटतोय, विसार देऊन ठेवा.

उरलेले दोन लाख कुठून आणायचे?

शर्यतीच्या बैलासाठी म्हणून बँकेत सहसा कोणी जात नाही. घरातले सोने गहाण पडते, पतसंस्थेला जामीनदार शोधले जातात, किंवा सोसायटीच्या पीककर्जावर डोळा जातो. हे शेवटचे सगळ्यात मोहाचे आणि सगळ्यात वाईट. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच बिनव्याजी पडते. बैलात अडकलेला पैसा मुदत पाळत नाही. पतसंस्थेतही ‘बारा टक्के’ एवढे ऐकून सही करू नये. 2 लाख रुपये 3 वर्षांसाठी घटत्या बाकीवर घेतले तर हप्ता सुमारे 6,643 रुपये आणि एकूण व्याज 39 हजारांच्या आसपास. तेच ‘फ्लॅट’ बारा टक्क्यांनी घेतले तर व्याज 72 हजार. शिवाय हप्ता दर महिन्याला, भात वर्षातून एकदा. आणि पेंड, भरडा, दूध, अंडी हा बैलाचा खुराक रोजचा.

हे सगळे जमवणारेही आहेत. पण घाटाचा भरवसा कोणी द्यायचा? 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि पळणाऱ्या बैलांचे भाव कोसळले. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, त्यालाही उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. परवानगी आली 16 डिसेंबर 2021 ला. साडेसात वर्षांत बैलाचे पळायचे वय निघून जाते; पतसंस्थेचा हप्ता मात्र कोणत्याही न्यायालयाने थांबवला नव्हता. कायद्यावर अखेरची मोहोर 18 मे 2023 ला उमटली. मधल्या काळात, 2022 च्या मे महिन्यात, चिखलीच्या शर्यतीत जेसीबी बक्षिसाला लागला आणि घराघरांतले हिशेब पुन्हा बिघडले. जेसीबी एकालाच मिळतो, हे मांडवात कोणी बोलत नाही!

म्हणून हौस मारावी असे नाही. घाटात गाड्याला चार बैल लागतात आणि ते एकाच मालकाचे असावेत असा नियम नाही. एकेक बैल घेऊन गाडा जुळवणारे मित्र पुणे जिल्ह्यात गावोगाव आहेत. शिलकीतल्या लाखात एक चांगला गोऱ्हा घ्यावा, घरी वाढवावा, कोणाच्या तरी गाड्याला जुंपून पाहावा. तयार बैलाचा रुबाब त्याला लगेच येणार नाही, पण त्याच्यापायी सोनेही गहाण पडणार नाही.

आणि तरीही कर्ज काढायचेच ठरले असेल, तर एवढे लक्षात असू द्या: 2022 मध्ये लम्पीच्या साथीत दगावलेल्या ओढकामाच्या बैलासाठी सरकारी मदत होती 25 हजार रुपये.