आठ पायांचे आश्रित

पाळलेल्या जिवाकडून कसलीच परतफेड न मागणारा मनुष्य विरळाच. गाय हंबरते, कुत्रे शेपूट हलवते, मांजर पायांत घोटाळते, आणि या किरकोळ वसुलीवर पाळणाऱ्याचे मन तृप्त राहते. टॅरेंटुला नामक केसाळ, महाकाय कोळ्याचे नखावर मावणारे पिल्लू मात्र या खात्यात एक पैही जमा करीत नाही. त्याला आठ डोळे असले तरी दृष्टी अधू असते. जगाची खबर त्याला पायांवरच्या केसांतून आणि जमिनीच्या कंपांतून लागते, आणि म्हणूनच त्याच्या लेखी आपला पालक म्हणजे अधूनमधून येणारा एक भूकंप, यापलीकडे काही नसतो.

अशा पिल्लाच्या संगोपनात नवशिक्याला जी विद्या प्रथम हस्तगत करावी लागते ती हात आखडता घेण्याची. छोटीशी डबी, तिच्यात किंचित ओलसर माती, हवेपुरती छिद्रे, आणि पिल्लाच्या पोटाहून मोठे नसेल असे एखादे भक्ष्य, एवढ्यावर त्याचा प्रपंच भागतो. पण पिल्लू एकाएकी अन्न नाकारू लागले, त्याचे पोट काळवंडले, की पालकाचा धीर सुटतो आणि तो आणखी एक रातकिडा आत सोडतो, जो कात टाकण्याच्या त्या असहाय घटकेत पिल्लालाच कुरतडू शकतो. मग एके सकाळी पिल्लू उताणे पडलेले दिसते आणि घरात सुतक धरण्याची वेळ येते. वास्तविक मेलेला कोळी पाय पोटाशी आवळून घेतो, कारण पायांचे मुख्य सांधे ताठ करणारे स्नायू निसर्गाने त्याला दिलेलेच नाहीत. शरीरातील द्रवाच्या दाबाने ते पसरतात, आणि प्राणाबरोबर तो दाब ओसरला की आपोआप मिटतात. उताणा, परंतु पाय फाकून पडलेला कोळी मृत नसून जुने अंग उतरवीत असतो. पूर्वी तुटलेला पायसुद्धा त्याला कातीगणिक थोडाथोडा परत मिळतो. त्या वेळी डबीला बोट न लावता बसून राहणे, हीच काय ती पालकाची सेवा.

ही सेवा करण्यासाठी टॅरेंटुला विकत आणावा, या मताचा मात्र मी नाही. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने 1899 साली आंध्रातील गुत्तीजवळच्या एका नमुन्यावरून निळ्या झळाळीचा एक वृक्षवासी टॅरेंटुला जगापुढे मांडला; त्यानंतर शंभर वर्षे उलटून 2001 साली तो पुन्हा अरण्यात आढळला, आणि आढळला तो लाकूडतोडीने खंगलेल्या रानाच्या तुकड्यात. आज तो परदेशांतील शौकिनांच्या काचपेट्यांत सहज दिसतो. भारत आणि श्रीलंका एवढ्याच मुलखात राहणाऱ्या त्याच्या सबंध वंशाचे नाव 2019 साली साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात दाखल करावे लागले, यातच त्या शौकाची कैफियत आली.

माझ्यासारख्या वर्ध्याच्या माणसाला इतक्या दूर जाण्याचे कारणही नाही. पावसाळा मध्यावर आला, पऱ्हाटी गुडघ्याला लागली, की रात्री विजेरी कपाळाशी धरून काळ्या मातीच्या बांधावरून हळूहळू चालावे. उजेडाच्या वाटेत हिरवट ठिणग्या चमकतात, त्या जमिनीवर शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांच्या. एखादी ठिणगी एकटी नसून तिच्या मागे बारीक चमचमाटाचा पुंजकाच असेल, तर ती लेकुरवाळी माता समजावी. अंड्यांची गोल पिशवी ती बुडाशी बांधून हिंडते, वेळ भरली की स्वतःच उसवते, आणि बाहेर आलेली पिल्ले तिच्या पायांवरून चढून पाठीवर थरावर थर रचून बसतात. तेथे ती काही खात नाहीत. अंड्यातील शिल्लक शिधाच त्यांना पुरतो.

पाठीवरून उतरलेली त्यातली मोजकी पिल्ले मी घरी आणतो आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या कुप्यांत एकेकटी ठेवतो, कारण एकत्र ठेवली तर भाऊबंदकी अक्षरशः एकमेकांना खाण्यापर्यंत जाते. तोंडाला मलमलीचा तुकडा, आत कापसाचा ओला बोळा, आणि केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे, एवढा सारा सरंजाम. एक-दोन काती टाकून झाल्या की त्यांची रवानगी पुन्हा शेतात होते, जेथे तुडतुड्यांचा आणि अळ्यांचा भरपूर शिधा त्यांची वाट पाहत असतो.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या आश्रमात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे. 1936 साली गांधीजी तेथे राहावयास आले तेव्हा ते गाव सापाविंचवांनी भरलेले होते. धरलेला साप न मारता दूर रानात नेऊन सोडावा, असा आश्रमाचा शिरस्ता पडला. तो पिंजरा ठेवण्यासाठी नव्हता, नेण्यासाठी होता, आणि पालन व मालकी यांमधील सीमा मला तेथे अगदी स्पष्ट आखलेली दिसते. आश्रिताला आपल्याकडे मुदतीपुरती अमानत म्हणून ठेवणारा मनुष्य त्याच्या भुकेची, कातीची, स्वभावाची चौकशी करतो. मालकाचे पहिले लक्ष दुसऱ्याकडे नसलेला रंग आपल्याकडे आहे की नाही, इकडे असते.

म्हणूनच या विद्येची खरी परीक्षा पिल्लू जगवण्यात नाही, ते सोडून दिल्यावर आहे. कुप्या धुऊन, वाळवून पुढच्या पावसाळ्यापर्यंत फडताळात रिकाम्या ठेवता येणे ही तिची अखेरची इयत्ता. आणि पिल्ले उत्तम वाढवणारे कितीतरी हुशार विद्यार्थी नेमके तेथेच नापास होतात.