धानोऱ्याच्या भाच्यास

धुळे, रविवार



तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं विमानांचीच! सेस्ना १५२ बरी की १७२, की खाली पंख असलेलं डायमंड? अरे, शेत कुठलं ते ठरलं नाही आणि तू बैलजोडी बघायला निघालास.

आधी परवान्याचं बोलू. नुसती हौस असेल तर खासगी परवाना पुरे. सतरा पूर्ण, दहावी पास आणि किमान ४० तासांचं उड्डाण. पण त्यावर पोट भरत नाही; पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. नोकरी करायची तर व्यावसायिक परवाना, म्हणजे २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र-गणित. गणितात किती पडले ते मात्र पत्रात सोयीस्करपणे राहिलेलं दिसतं.

दाजी मिरचीचं शेत गहाण टाकायला निघालेत म्हणे. त्यांना थांबव. फीचा पहिला रुपया भरायच्या आधी डॉक्टरी तपासणी कर, तीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरकडेच. नोकरीसाठी पहिल्या वर्गाचंच प्रमाणपत्र लागतं. एक पोरगा सगळे पैसे भरून आला आणि मग कळलं, त्याला लाल-हिरवं नीट ओळखता येत नाही. त्याच्या बापाचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

राहिलं विमान. ते शिकाऊ पोराने निवडायचं नसतं. हँगरात असेल त्यात बसायचं. तू फक्त एवढं बघ, की उभी किती आणि उडतात किती. दोन चालू विमानं आणि तीस पोरं असतील तर दिवसच्या दिवस बाकावर जातील. १५२ मध्ये दोनच माणसं बसतात, इंजिन ११० हॉर्सपॉवरचं. दोन तगडे गडी, भरलेली टाकी आणि आपल्याकडची मे महिन्यातली दुपार एकत्र आली की ते जीव खाऊन चढतं, कारण तापलेली हवा विरळ होते, ती पंखालाही कमी पडते आणि इंजिनालाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडतानाच हँगरचं शटर वर करायचो.

पहिलं काम पेट्रोल बघायचं. पंखाखालून काचेसारख्या नळीत थोडं काढायचं आणि उजेडात धरायचं. रंग फिका निळा. तळाशी बिनरंगी मणी डुलताना दिसला की समजायचं, पाणी आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने ते दवासारखं धरतं. मग मणी दिसेनासा होईपर्यंत पुन्हा काढायचं. मी मिस्त्री माणूस. पोरगं कसं उडवतं त्याआधी ते ही नळी किती वेळ धरून बघतं, ते बघायचो.

स्वतःचं विमान घेण्याचं वेड तूर्त ठेव बाजूला. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव स्वतः वैमानिक, तरी २०१६ मध्ये लोकांनी डोळे भरून पाहिलेल्या त्या विमानाची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

पुढच्या रविवारी ये. गोंदूरच्या धावपट्टीच्या कुंपणाशी उभं राहून थोडं बघू. बारावीची गुणपत्रिका आण, आणि ताईला सांग, यंदाची मिरचीपूड किलोभर दे.

तुझा,
मामा