जडाची जागा आधी

कोल्हापूर

चि. ताईस,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. दाजींच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा लेथ भंगारात देऊन टाकू का, असं तू विचारलं आहेस. देऊ नकोस. आणि जागा नाही हेही मला फोटो बघून पटत नाही. जमीन भरली आहे हे खरं, पण भिंती जवळजवळ रिकाम्या आहेत.

आधी लेथबद्दल. तो हरिहरचा आहे. म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ साली तिथं उभा राहिला आणि आता तो बंद झाला आहे. म्हणजे या मशीनचे मूळ भाग शेडमध्ये जेवढे पडलेत तेवढेच, असं समजून चालायचं. तुझ्या तिसऱ्या फोटोत पिंपामागे दात्यांच्या चाकांचा गंजका ढीग आहे. ते चेंज गिअर. वेगवेगळ्या पिचचे आटे पाडायला हीच चाकं बदलून लावावी लागतात. ती गेली तर लेथ गोल कातेल, पण पाहिजे तो आटा पाडणार नाही. शेजारचं खाचा असलेलं जड ताट म्हणजे फेसप्लेट, आणि तीन बोटांची बिडाची चौकट म्हणजे स्टेडी, लांब जॉबला आधार देणारी. वजनकाट्यावर हे सगळं नुसतं बीड आणि लोखंड ठरतं, म्हणून आवराआवरीत पहिल्यांदा हेच बाहेर जातं. ही तीन सामानं एका फळीवर काढून ठेव आणि लेथच्या हेडस्टॉकपासून हाताच्या अंतरावर तिला कायमची जागा दे.

आता मांडणी. तू कंपनीत फाइव्ह एस शिकलीस, त्यामुळे वर्गवारी, लेबलं, रंगांचे पट्टे हे तुला माझ्याहून चांगलं जमेल. पण तिथली जमीन सपाट, माल उचलायला क्रेन आणि पुराची भीती नाही. तुझी शेड सांगलीच्या गावभागात आहे. तिथं प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न आधी विचारायचे: हिचं वजन किती, आणि पाण्यात बुडली तर हिचं काय होईल? प्रकारानुसार लावणं त्यानंतर.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शेडच्या भिंतीवर त्या पाण्याची मळकट रेघ अजून आहे, फोटोत स्पष्ट दिसते. तिच्यावरून ऑइलपेंटचा ठळक पट्टा चारही भिंतींवर ओढून घे. पट्ट्याखाली भिजलं तरी पुसून, तेल लावून परत उभं राहणारं सामान: बिडाच्या वस्तू, शेगडा, ऐरण, कांबी. पट्ट्यावर स्टार्टर, बोर्ड, हातड्रिल, वेल्डिंग सेट. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि टॅप-डायच्या पेट्या तर शेडमध्ये ठेवूच नकोस, माडीवरच्या खोलीत ने. पावसाळ्याच्या नुसत्या दमट हवेनंही मायक्रोमीटरच्या तोंडावर गंज धरतो, पूर यायची गरज नसते.

पण माडीवर लोखंड चढवू नकोस. घरातल्या खोलीची स्लॅब आपल्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातला भार धरून आखतात. फॅब्रिकेशनवाले वापरतात तो हिशेब तुला ठाऊक असेल: व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, की गोल कांबीचं मीटरला किती किलो ते येतं. ५० मिलिमीटरची कांब मीटरला १५.४ किलो, म्हणजे दहा फुटी कांब ४७ किलोची. अशा पाच कांबी एका कोपऱ्यात उभ्या केल्या की दोनशेचा आकडा ओलांडला. दाजींकडे तशा किती आहेत ते तूच मोज.

कांबी भिंतीला आडव्या लाव. जाड अँगलचे ब्रॅकेट अँकर बोल्टनं भिंतीत पक्के करून घे, पण कमरेच्या वर नकोत. डोक्यावरून ४७ किलोची कांब काढताना एक टोक सुटलं की दुसऱ्या टोकाला कुणी सावरू शकत नाही. फूट-दीड फुटाचे तुकडे उभे ठेव, पीव्हीसी पाइपचे तुकडे शेजारी शेजारी बांधून त्यात. टोकाला रंग मार: माइल्ड स्टीलला एक, ईएन-आठला दुसरा. डोळ्यांनी त्यांच्यातला फरक कळत नाही.

जड खाली ठेवायचं याचा अर्थ जमिनीवर असा घेऊ नकोस. आठ इंची चक पंधरा-अठरा किलोचा भरतो. तो जमिनीवरून वाकून उचलला की कंबर धरते. चकची फळी गुडघा आणि कंबर यांच्या मध्ये हवी, आणि चक काढताना-चढवताना बेडवर लाकडी फळी टाकलेलीच पाहिजे, कारण हातातून निसटला तर बेडवर खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याचा दोष पुढं प्रत्येक जॉबमध्ये उतरतो. रॅक स्लॉटेड अँगलचाच घे, फक्त मागून भिंतीला बोल्ट केल्याशिवाय त्यावर एक वस्तूही चढवू नकोस.

ग्राइंडर आत्ता लेथच्या शेजारी आहे, तो समोरच्या भिंतीला हलव. एमरीची धूळ बेडवरच्या तेलात बसते आणि कॅरेज पुढंमागं सरकताना बेड घासत राहते. ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या रस्त्यात तेलकट चिंध्या, थिनर, लाकडाचा भुसा येता कामा नये. चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा कर.

डालड्याच्या डब्यांतले नट-बोल्ट फेकू नकोस. त्यात इंची आणि मिलिमीटरचे मिसळलेत. चार सुती बोल्ट साडेबारा मिलिमीटरच्या वर जातो आणि बारा मिलिमीटरचा त्याच्याशेजारी डोळ्याला सारखाच दिसतो, पण आटे वेगळे असतात. जुन्या मशीनला इंचीच लागतात, म्हणून तेवढे आधी वेगळे काढ. हे काम आक्काला बसल्या बसल्या करता येईल, मोजायला एक जुना नट देऊन ठेव. दाजींच्या हातची वस्तू चाळायला मिळाली तर तिलाही बरं वाटेल.

ओळखू न येणारे जिग आणि फिक्स्चर मात्र कुणी सांगितलं तरी विकू नकोस. दाजींनी शेतकऱ्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि बुश वर्षानुवर्षं केले, आणि त्यातला बराच हुशारीचा भाग त्या बिननावाच्या तुकड्यांत आहे. कुठं घासलंय, कुठं पंचाची खूण आहे, ते बघून मी बहुतेकांचं काम ओळखेन. एकेक वस्तूचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढ.

लेथ हलवायचा आहे, पण एकदाच. म्हणून आधी रिकाम्या जमिनीवर खडूनं त्याचं माप आखून त्या चौकटीभोवती चालून बघ. समोर उभं राहायला तीन फूट, मागं चिप्स काढायला हात जाईल एवढी फट. हेडस्टॉकचं टोक भिंतीला टेकवू नकोस, तिथं खिडकीसमोर जागा दे. लांब कांब स्पिंडलच्या भोकातून मागं निघते, ती खिडकीबाहेर जाऊ शकते. शहाबादी फरशीवर लेथ लेव्हलला राहत नाही, तेव्हा त्या चौकटीतली फरशी काढून सहा इंच काँक्रीट घालून घे आणि ते पुरतं पिकू दे.

मोटर चार बोल्टांवर आहे. तेवढ्या मापाचा पाना तिच्या डोक्यावर, पट्ट्याच्या वर, खिळ्याला टांगून ठेव आणि तो दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचा नाही. नदी ४० फुटांवर गेल्याचं कळलं की मेन स्विच बंद करून मोटर उतरवायची, दोघांनी माडीवर न्यायची. तिन्ही वायरींना आधीच खुणा कर. परत जोडताना दोन फेज उलटल्या की मोटर उलटी फिरते, आणि आट्याच्या स्पिंडलवरचा चक उलट्या फिरण्यानं सुटून येऊ शकतो. बेडला आणि लीड स्क्रूला ग्रीसचा जाड थर द्यायचा. पाणी ओसरल्यावर गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवायचं, पुसायचं, गिअरबॉक्सचं तेल काढून बघायचं. दुधासारखं झालं असेल तर सगळं बदलायचं.

दिवाळीनंतर मी येतो. उद्यमनगरातून चेन ब्लॉक आणि पाइपचे रोलर आणतो, पहार दाजींची आहेच. चेन ब्लॉक शेडच्या अँगलला लावायचा नाही, ती शेड पत्र्याचं वजन पेलायला बांधली आहे, टनाच्या आगेमागे असलेल्या मशीनचं नाही. तीन पायांचा लोखंडी घोडा लागेल, तो माझ्याकडं आहे. हेडस्टॉकचं टोक जड असतं, म्हणून टेलस्टॉक आणि कॅरेज दुसऱ्या टोकाला सरकवून तोल बघून घेऊ. लीड स्क्रूला दोर अडकवू द्यायचा नाही हे मदतीला येणाऱ्या पोरांना तू आधीच सांग. चारजण पुरे, पण चौघंही पायांत बूट घालून यायला हवेत.

तोवर मला एवढं कळव: शेडच्या दाराची रुंदी, खिडकीच्या खालच्या काठाची जमिनीपासून उंची, आणि लेथवरची नावपट्टी वाचता येत असेल तर तिच्यावरचा मॉडेल नंबर. आक्काला नमस्कार.

तुझा,
मामा