आईचा लॅपटॉप

मंडळी, इथे कॉव्हेंट्रीत डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. मग माणूस घरात बसून नसते उद्योग करतो. २०२५ च्या डिसेंबरात माझा उद्योग होता एक जुना लॅपटॉप. साठवण ३२ जीबी, मेमरी २ जीबी. ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्याला झेपणारं नव्हतं. टाकायला निघालो, तर तेव्हा इथे आलेली आई म्हणाली, "अरे, चालू आहे ना? मग मला दे. साताऱ्यात तुझं तोंड तरी मोठं दिसेल." बाबा गेल्यापासून ती तिथे एकटीच असते.

ठरलं, लिनक्स घालायचं. जागा कमी, म्हणून कॉम्प्रेशन हवं. मी स्क्वॉशएफएस घेतली. हिच्यात अख्खी सिस्टिम दाबून एका फाइलमध्ये बसते. २००९ पासून ती लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. दाबायला एक्सझेड निवडला, ब्लॉक सगळ्यात मोठा, १ एमबीचा. माझ्या दणकट मशीनवर दाबली आणि फाइल झाली एवढीशी! आमची कॉलर ताठ.

आईने ब्राउझर उघडला. बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहिलं. "अरे, चहा गार झाला की माझा!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दाबायचं काम माझ्या मशीनने एकदाच केलं, सोडवायचं मात्र त्या म्हाताऱ्या प्रोसेसरला रोज करायचं होतं. एक्सझेड दाबतो छान, पण सोडवायला फार वेळ घेतो. त्यात ब्लॉक मोठा, म्हणजे चिमूटभर माहिती हवी असली तरी आख्खा ब्लॉक सोडवा!

एलझेड४ सोडवायला विजेसारखा, पण जागा जास्त खातो. मधला मार्ग झेडस्टँडर्ड, फेसबुकने २०१६ मध्ये खुला केलेला. जुन्या झेडलिबच्या तोडीचं दाबतो आणि कितीतरी पट वेगाने सोडवतो. शिवाय स्क्वॉशएफएस फक्त वाचता येते आणि आईला तर फोटो साठवायचे होते. म्हणून शेवटी बीटीआरएफएस आणि झेडस्टँडर्ड, पातळी १. पातळी कमी अशासाठी, की आता दाबायचं कामही त्या म्हाताऱ्याकडेच आलं. फोटोंची जेपीईजी फाइल मुळातच दाबलेली असते, बीटीआरएफएस सहसा ते ओळखून तिच्या वाटेला जात नाही.

जायच्या आदल्या दिवशी आई बॅग भरत होती. मी म्हटलं, "हवा काढून टाकायच्या पिशव्या आणतो. कपडे निम्म्या जागेत बसतील."

"नको रे बाबा. तिथे उघडायला मी एकटीच. वाटेत एखादी शाल काढायची झाली तर सगळं कुठे सोडत बसू?"

जे कळायला मला आठवडा लागला, ते तिला आधीच ठाऊक होतं. तर मंडळी, जुन्या लॅपटॉपसाठी फॉरमॅट निवडताना फाइल केवढी झाली ते नंतर बघा. उघडणाऱ्याला किती झेपेल, ते आधी.

असो. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल येतो. चहा गरम असतानाच!