पांढऱ्या मातीतली द्राक्षं

शेरीचं नाव वाचून पान उलटू नका हं, मैत्रिणींनो! मी काही तुम्हांला मद्याची गोडी लावायला बसलेले नाही. माझं माहेर तासगावचं, वडिलांची दोन एकर द्राक्षबाग. तेव्हा द्राक्षाचा वेल दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, एवढंच.

हे बोटीवर इंजिनीअर. गेल्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासून हातावेगळे केले आणि सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर गेले. स्पेनच्या दक्षिणेला कादिस बंदरात बोट चार दिवस थांबणार होती. तिथून आगगाडीने पाऊणएक तासावर हेरेस नावाचं गाव आहे. अरब लोक त्याला शरीश म्हणत. त्याच नावाची इंग्रजांनी शेरी केली.

गावाबाहेर आम्ही बाग पाहायला गेलो, तर जमीन पांढरीशुभ्र! डोळे दिपावेत अशी. या मातीला तिथे अल्बारिसा म्हणतात. फार पूर्वी इथे समुद्राचा तळ होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची ही चुनखडीची माती. आमच्याबरोबरच्या बाईंनी ढेकूळ हातात दिलं, तर चुरचुरीत आणि हलकं. मी विचारलं, "पाणी कुठून देता?" त्या म्हणाल्या, "देत नाही."

मला खरंच वाटेना. 2016 च्या उन्हाळ्यात बाबांनी टँकरमागून टँकर विकत घेऊन बाग जगवली होती. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडवायला तीन वर्षं लागली. आणि इथे ऐन उन्हाळ्यात महिनोन् महिने थेंब पडत नाही, पारा चाळिशीला टेकतो, तरी वेल हिरवेगार!

गंमत अशी, की पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो; वर्षाचा सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास. ही माती स्पंजासारखी तो पिऊन घेते. उन्हाळ्यात वरचा थर कडक होऊन बसतो, भांड्यावर झाकण घालावं तसा, आणि आतली ओल आतच राहते. मुळं तिच्यामागे कित्येक मीटर खोल जातात. पण नुसत्या मातीवर भिस्त ठेवलेली नाही बरं का. तोडणी आटोपली की वेलांच्या दोन ओळींमध्ये मातीचे छोटे बांध घालून चौकोनी खड्डे करतात. उतारावरून एक थेंब वाहून जाऊ द्यायचा नाही! वसंतात पुन्हा सगळं सपाट. आम्ही गेलो तेव्हा खड्ड्यांचंच काम चाललं होतं. मी फोटोंवर फोटो काढत सुटले. हे म्हणाले, "अगं, लोक इथे शेरी बघायला येतात, तू खड्डे बघतेस!"

वाराही दोन तऱ्हांचा. पश्चिमेचा पोनियेंते अटलांटिकवरून दमट गारवा आणतो, पूर्वेचा लेवांते कोरडा आणि भाजून काढणारा. पालोमिनो ही तिथली मुख्य द्राक्षाची जात या दोघांच्या ओढाताणीतच वाढते.

इतिहास ऐकताना एका गोष्टीने मात्र मला हसू आलं. सन 966 मध्ये खलिफा अल-हकम याने वेल उपटून टाकण्याचा हुकूम काढला. गावकरी म्हणाले, "छे, आम्ही तर सैनिकांसाठी बेदाणे करतो!" म्हणून बरेचसे वेल वाचले, असं सांगतात. बेदाण्याने अब्रू राखायची ही युक्ती तासगावकरांना नक्की पटेल! पुढे 1587 मध्ये इंग्रजांच्या ड्रेकने कादिसवर धाड घालून 2900 पिंपं पळवली, आणि लंडनला शेरीची चटक लागली ती लागलीच. 1894 मध्ये फिलॉक्सेरा नावाची कीड आली, मुळंच खाणारी. सगळ्या बागा अमेरिकन खुंटावर कलम करून नव्याने उभ्या कराव्या लागल्या. (बाबाही डॉगरिजच्या खुंटावरच कलम करतात.)

कोठाराला तिथे बोदेगा म्हणतात. देवळासारखं उंच छत, आणि जमिनीवर उन्हाळ्यात चक्क पाण्याचा सडा घालतात, आत गारवा राहावा म्हणून. पिंप पूर्ण भरत नाहीत. मोकळ्या जागेत द्राक्षरसावर पांढरी साय धरते. आपल्या लोणच्यावर असं काही आलं तर आपण कपाळावर हात मारू, पण फिनो जातीच्या शेरीची चव त्या सायीमुळेच! शिवाय खालच्या ओळीतल्या पिंपातून थोडी काढायची आणि तेवढी वरच्या, नव्या पिंपातून त्यात घालायची. घरातलं विरजण कसं वर्षानुवर्षं चालतं, तसंच ना?

ह्यांनी घोटभर घेतली. मी नुसता वास घेतला. ओल्या बदामासारखा होता. मला खरी भावली ती तिथली मिठाई. द्राक्षरस निवळायला पूर्वी अंड्याचा पांढरा भाग वापरत, आणि उरलेला बलक मठातल्या जोगिणींना देत. त्यांनी बलक आणि साखरेच्या पाकाचं, आपल्या कॅरॅमल पुडिंगसारखं, पण दुधाशिवायचं, काहीतरी केलं. त्याचं नाव "स्वर्गातली डुकराची चरबी" अशा अर्थाचं! मी घाबरून दोनदा विचारून घेतलं, मगच चमचा लावला.

परत आल्यावर तासगावला गेले. आईला शेरीच्या व्हिनेगरची बाटली दिली. तिने ती देवघरापासून लांब, फडताळात सर्वांत वर ठेवली. बाबांनी मात्र चष्मा लावून मोबाइलवर सगळे फोटो पाहिले. खड्ड्यांच्या फोटोपाशी थांबले. बोटांनी तो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"आपली काळी माती असं पाणी धरील का गं?" ते म्हणाले. मग माझ्या उत्तराची वाट न पाहताच उठले आणि टेप शोधायला लागले.