आभाळ होतं, पाऊस नव्हता

भाची म्हणाली, “मामा, त्याची काही चूक नाहीये. तू सांगितलंस तेवढंच त्यानं केलं.”

एवढं बोलून, चहा पिऊन ती गेलीसुद्धा. चार दिवस झाले, मी त्या वाक्यापाशीच आहे. न पटण्यासारखं त्यात काही नाही. पण ‘तेवढंच’ हा शब्द तिनं बचावासाठी वापरला, आणि आमच्या घरात तो आरोप म्हणूनच ऐकलेला.

आजी त्यासाठी अख्खी म्हण खर्च करायची : दिल्या भाकरीचा, सांगितल्या कामाचा. ही म्हण तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवली होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी गोठ्याकडं बघायला एक गडी होता. उन्हाळ्यातली दुपार. अंगणात दोन बाजांवर धोतरं अंथरून कुरडया घातलेल्या. आजी बारशाला निघाली होती. जाता जाता म्हणाली, “पाऊस आला तर वाळवण आत घे.” दोनेक तासांनी आभाळ भरून आलं, वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, कोंबड्या न सांगता खुराड्यात शिरल्या. हा सोप्यात खांबाला टेकून बसलेला, शेजारी मी. वळवाचे टपोरे थेंब मातीत फुटायला लागले तेव्हा तो उठला, आणि भिजलेल्या कुरडया बाजांसकट आत आणल्या. पाऊस अर्ध्या तासात गेला, लख्ख ऊन पडलं. बाजा आतच. परत बाहेर काढायला कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला आजी आली तेव्हा सोप्यात आंबूस वास सुटला होता.

“मेल्या, आभाळ दिसत न्हवतं व्हय तुला?”

“आभाळ हुतं की आक्का. पाऊस न्हवता.”

या उत्तरावर आमच्याकडे पुढची कितीतरी वर्षं लोक हसले. लग्नकार्यात कुणी कामाला उशीर केला की ‘पाऊस न्हवता’ म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. मीही हसलोय. आता मात्र हसताना जरा अडखळायला होतं, कारण रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर मी पायथॉन ही संगणकाची भाषा शिकतो, आणि तिथं आजीच्या जागी मी बसलेला असतो.

हे पायथॉन म्हणजे अजगर, असं मी दोन आठवडे धरून चाललो होतो. साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि नाव ठेवलं बीबीसीवरच्या ‘मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस’ या विनोदी मालिकेवरून. तिथल्या विनोदाला शेंडाबुडखा नसे. भाषेच्या अधिकृत पाठांतही आपल्या बीजगणितातल्या क्ष आणि य ऐवजी स्पॅम आणि अंडी भेटतात, तीही त्याच मालिकेतली. म्हणजे विनोद पायातच आहे. फक्त तो चालू असताना यंत्राचा चेहरा अजिबात हलत नाही, आणि त्यामुळं हसायचं कुणी, हे ठरत नाही.

पहिल्याच दिवशी समासावरून बोलणी खाल्ली. शाळेत वहीला समास सोडला नाही म्हणून गुरुजी पट्टी मारायचे. पायथॉनमध्ये ओळीच्या आधी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. एक जागा जास्त पडली तरी ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’. पन्नास वर्षांनी पुन्हा समास.

मग मी पावसाचा प्रोग्राम लिहायला घेतला. चलाला ‘पाऊस’ असं देवनागरीत नाव दिलेलं या भाषेला चालतं. मला काय आनंद झाला! पुढं बरोबरचं चिन्ह टाकून मराठी १ लिहिला, तर सिंटॅक्स एरर. नाव मराठी चालेल, आकडा इंग्रजीच हवा. पण तेच ‘१२’ अवतरणात घालून, याचा पूर्णांक कर, असं सांगितलं की बिनबोभाट बारा करून देतो. म्हणजे मराठी आकडे त्याला येतात. येतात, पण आपणहून सांगायचं नाही! दिल्या भाकरीचा.

तर पाऊस बरोबर 1 केला. खाली लिहिलं, पाऊस आहे तोवर ‘पाऊस पडतोय’ असं छाप. बटण दाबलं. पाऊस पडतोय, पाऊस पडतोय, पाऊस पडतोय. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, कंट्रोल धरून सी दाब. दाबलं, थांबला. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं पाहिलं आणि विचारलं, “पाऊस थांबला हे त्याला कोण सांगणार? तू?” मी म्हणालो, एवढं कळायला नको? त्यावर ती ते वाक्य बोलली.

आता ती म्हण. लहानपणी मी तिचा उत्तरार्धच ऐकत होतो. पूर्वार्धात भाकरी आहे, तिकडं लक्ष गेलं नव्हतं. म्हण मालकाच्या बाजूनं रचलेली आहे हे उघड आहे. भाकरी देणारा तक्रार करतो, की हा सांगितल्यापलीकडं काही करत नाही. पण भाकरी किती, आणि कालची की आजची, हे म्हण सांगत नाही. आमच्या गड्याला सकाळी काय मिळायचं ते मला आठवतं : दुरडीतली रात्रीची भाकरी, वर मिरचीचा खर्डा. सांगितलेल्या कामाची ती भाकरी. न सांगितलेल्या कामाची वेगळी भाकरी होती का? आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज बांधणं हे निराळं काम आहे. वेधशाळेत त्यासाठी पगार देतात. कोण जाणे, तो सगळा हिशेब करूनच खांबाला टेकला असेल. कामगार संप न करता नियमावर बोट ठेवून काम करतात तेव्हा सगळं कसं ठप्प होतं, ते आपण पाहिलेलं आहे. तसा तो एकट्याचा, बिनघोषणेचा लढा असेल. किंवा त्याला खरंच कळलं नसेल. किंवा नुसती झोप आली असेल.

संगणकाची भाकरी म्हणजे वीज, आणि ती शिळी नसते. तेव्हा त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद चालत नाही. पण भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट द्यायची असते, आणि तिच्यापायी मी भलतीकडंच गेलो. 1972 साली प्रिन्स्टन विद्यापीठात डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी निव्वळ थट्टा म्हणून ‘इंटरकॅल’ नावाची भाषा केली. तिच्यात हुकूम सोडताना मधूनमधून ‘प्लीज’ लिहावं लागतं. कमी पडलं तर प्रोग्राम पुरेसा नम्र नाही म्हणून नाकारला जातो. जास्त झालं तर फारच लाळघोटा म्हणून नाकारला जातो. पुढं 1990 मध्ये तिचा नवा अवतार आला, त्यात साधारण हिशेब असा, की हुकमांच्या पाचव्या हिश्शाहून कमी नको आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. आणि कहर म्हणजे मूळ माहितीपुस्तकात हा नियम छापलेलाच नव्हता. अंदाजानं ओळखायचा.

हे वाचून मी एकटाच मोठ्यांदा हसलो. मग आजीनं हा ‘प्लीज’ कुठून आणला असता, याचा विचार करत बसलो. बोलण्याच्या मराठीत त्याला शब्दच नाही. ‘कृपया’ फक्त पाट्यांवर राहतं : कृपया चपला बाहेर काढाव्यात, कृपया गेटसमोर गाडी लावू नये. आणि पाटीवरचं कृपया हे विनंतीपेक्षा दटावणीच जास्त. घरात कुणी ‘कृपया पाणी दे’ म्हणालं तर भांडण झालंय असं समजावं. आपली नम्रता ‘जरा’मध्ये असते, ‘ना’मध्ये, ‘बाळा’मध्ये, नाहीतर ‘घे’ आणि ‘घेशील का’ यांच्यामधल्या अंतरात. आजी “जरा वाळवणाकडं बघशील ना रे बाबा” असं म्हणाली असती तर? ‘जरा बघ’ यात पाऊस येतो, आभाळ येतं, कोंबड्या येतात, नंतरचं ऊनही येतं. यंत्राला मात्र ‘जरा’ शिकवता येत नाही. जरा म्हणजे नक्की किती, असं ते विचारणार. पण गड्याला तरी आजी कधी ‘जरा’ म्हणाली होती? मी ऐकलेलं नाही. मीही कधी म्हणालो नाही. मी आठ वर्षांचा, तो चाळिशीचा, आणि मी त्याला अरेतुरे करत होतो.

इथवर आल्यावर वाटलं, आता तो गडी मला बरोब्बर कळला. तेवढ्यात एक गोष्ट आठवली आणि सगळं विस्कटलं. त्याच दिवशी माझी चित्रांची वही अंगणात कट्ट्यावर राहिली होती. ती भिजली नाही. थेंब पडायच्या आधी कुणीतरी ती उचलून आत कोनाड्यात ठेवली होती. आजी घरी नव्हती आणि मी तर जागचा हललो नव्हतो. म्हणजे त्यानंच, न सांगता? मग आभाळ त्याला दिसत होतं, आणि वहीसाठी एक न्याय, कुरडयांसाठी दुसरा?

बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “वही मी उचलली होती. आणि तू कसला त्याच्या शेजारी? आजीबरोबर बारशाला तूच गेला होतास.”

तसं असेल तर ते उत्तर मी ऐकलं, की नुसतं लग्नांमधून ऐकत आलो? आता विचारायला आजी नाही, तोही नसणार.

रात्री पुन्हा प्रोग्राम उघडला. पाऊस थांबवणारी ओळ भाचीनं लिहून ठेवली होती, ती तशीच ठेवली. तिच्या वर एक नवी ओळ घेतली, समास नीट मोजला आणि लिहिलं ‘आभाळ’, पुढं बरोबरचं चिन्ह. उजव्या बाजूला काय लिहायचं? एक म्हणावं तर तो पाऊस झाला. शून्य म्हणावं तर पत्रे वाजत होते.