मुंग्या, पट्टे आणि चौकोन

फोन उचलला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "मुंग्या आहेत का पट्टे?"

सीबीडी बेलापुरात मी वीसेक वर्षं केबल चालवली आणि त्यातली निम्मी दुरुस्ती या एका प्रश्नावर होऊन जायची. मुंग्या म्हणजे सिग्नल कमी पडतोय. कुठेतरी सांधा ढिला झालाय, नाहीतर गच्चीवरचा ॲम्प्लिफायर थकलाय. जाड आडवा पट्टा संथपणे चित्रातून वर सरकत असेल, तर ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय गेला, विजेचे 50 हर्ट्‌झ चित्रात उतरले. बारीक तिरक्या रेघा दिसत असतील तर उलटं, सिग्नल जास्त झाला, कुणीतरी हौसेनं मधे बूस्टर ठोकला. आणि निवेदिकेच्या डाव्या खांद्याशी तिचंच फिकट भूत उभं असेल, तर तो वरळीच्या मनोऱ्याचा उद्योग. दूरदर्शन ज्या फ्रिक्वेन्सीवर हवेतून येतं, तिथेच केबलमधलं चॅनेल बसवलं की हवेतला सिग्नल तारेच्या आधी टीव्हीच्या पोटात शिरतो. आठव्या सेक्टरमधल्या एक काकू तर आपणहूनच सांगायच्या, "भाऊ, आज मुंग्या बारीक आहेत, घाई नाही, उद्या आलास तरी चालेल."

आमचं घर आग्रोळीत. सिडकोनं जमिनी घेतल्या, शहर उभं राहिलं, आणि गावातल्या पोरांनी त्या शहराला लागेल ते काम धरलं. कुणी रेती-विटा पुरवल्या, कुणी टेम्पो घेतला, मी तार ओढली. 1993 साली लोकल वाशीहून पुढे बेलापूरपर्यंत आली, त्याच सुमारास माझी पहिली डिश उभी राहिली. बारा फुटी, जाळीची. एशियासॅट बघायचा तर तोंड पनवेलच्या दिशेला करायचं आणि मान साधारण पंचेचाळीस अंशांत वर. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन आम्ही तिघांनी आख्खा रविवार ती डिश बोटाबोटानं हलवली होती. स्टार 1991 पासून दिसत होता, झी 1992 च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता. त्याआधी नुसता व्हीसीआर होता. रात्री साडेनऊला एक सिनेमा, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी तोच बघायचा.

त्या काळात उपग्रहावरूनही चित्र ॲनालॉगच यायचं. 36 मेगाहर्ट्‌झचा आख्खा ट्रान्सपाँडर एकेका चॅनेलनं अडवलेला. डिश वाऱ्यानं जराशी हलली की चित्रात ठिणग्या उडायच्या. मुंग्या वेगळ्या, ठिणग्या वेगळ्या. नव्वदीच्या शेवटी-शेवटी वाहिन्या एकेक करत उपग्रहावर डिजिटल झाल्या, त्याच ट्रान्सपाँडरवर आठ-दहा चॅनेलं बसायला लागली. आमच्या कपाटातले रिसीव्हर बदलले, त्यापायी कर्ज काढलं. घरांत मात्र कुणाला पत्ता लागला नाही. कारण वरून डिजिटल आलेलं चित्र आम्ही खाली मॉड्युलेटरमधून परत ॲनालॉग करूनच तारेत सोडत होतो. म्हणजे गंगा वरून स्वच्छ येत होती आणि आमच्या दारात येऊन गढूळ होत होती.

ते गढूळपण आमच्या सोयीचं होतं, हे आता मान्य करायला हरकत नाही.

ॲनालॉग तारेला एक गुण होता. ती कुणाला विचारत नसे. स्प्लिटर लावला की बैठकीतली केबल आतल्या खोलीत, गॅलरीतून शेजाऱ्याकडे, तिथून वरच्या मजल्यावर. टीव्ही किती लागलेत हे तारेला कळत नाही आणि तारेच्या मालकालाही नाही. माझ्या वहीत नऊशेच्या आसपास घरं होती. वरच्या कंपनीला, जिच्याकडून मी पुढे फीड घ्यायला लागलो, तिला मी सांगत होतो अडीचशे. कंपनी पुढे वाहिनीवाल्यांना काय सांगायची ते तिलाच ठाऊक, पण ती माझ्यापेक्षा खरं बोलत असेल असं मला कधी वाटलं नाही. महापालिका हद्दीत जोडणीमागे महिन्याला 45 रुपये करमणूक कर होता. तो भरतानाही आकडा तोच, कागदावरचा. सगळी साखळीच अंदाजावर चालायची. पैसे प्रेक्षकाच्या हातून पहिले माझ्या हातात यायचे, त्यामुळे अंदाजाचा मोठा घास माझा. वाहिनीवाले बिचारे होते असंही नाही. जुन्या टीव्हींना पहिली काही चॅनेलंच नीट पकडता यायची, मग त्या प्राइम बँडमध्ये जागा मिळावी म्हणून ते मोठ्या कंपन्यांना वेगळे पैसे मोजायचे. आमच्यापर्यंत त्यातलं काही झिरपलं नाही, हे जाता जाता.

2011 च्या अखेरीस केबलचा कायदा बदलला. ॲनालॉग टप्प्याटप्प्यानं बंद, प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स. दक्षिण मुंबईत 2007 मध्ये 'कॅस', म्हणजे पैशाच्या चॅनेलांसाठी डब्याची सक्ती, आला होता, तो तिथेच घुटमळत राहिलेला आम्ही पाहिला होता. त्यामुळे हाही असाच जिरेल, या भरवशावर मी निवांत होतो. मुंबईची पहिली तारीख 30 जून 2012 होती, ती पुढे ढकलली गेली तेव्हा तर मी पोरांना वडापाव खिलवला. पण 31 ऑक्टोबरला मुंबईत खरोखरच ॲनालॉग बंद झालं. नवी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात, देशातल्या अडतीस शहरांत. आमची तारीख 31 मार्च 2013. पाच महिने मोठी गंमत होती. खाडीपुलापलीकडे मानखुर्दला डब्याशिवाय टीव्ही काळा, आणि अलीकडे वाशीला जुनी तार तशीच चालू. मानखुर्दला राहणारा माझा एक मेहुणा शनिवारी सहकुटुंब आमच्याकडे यायला लागला. कारण विचारलं तर म्हणायचा, "भाच्यांना बघायला."

डबे आले फेब्रुवारीत. एकेका खोक्यात दहा-वीस, प्रत्येकावर नंबर. त्या नंबराशी ग्राहकाचा अर्ज जोडायचा : नाव, पत्ता, फोन, सही. हजाराच्या घरात किंमत, आणि माझ्या दारात रोज तेच वाद. "टीव्ही माझा, वीज माझी, मग डबा कशाला?" "सरकारचा डबा आहे ना, मग फुकट द्या." "दोन टीव्हींना दोन? वायर तर एकच आहे!" या शेवटच्या प्रश्नाला मी आधी वैतागायचो, मग नीट सांगायला लागलो. तारेत आता एका चॅनेलच्या जागेत दहा-बारा चॅनेलं दाटीनं बसवून, कुलूप लावून पाठवतात. कुलूप डबा उघडतो, आणि एका वेळी एकच चॅनेल उघडतो. शंभर रुपयांत शंभर फुकट चॅनेलं, वर कर. बाकीची हवी तशी घ्या. "म्हणजे मला जे नको ते नाही घेतलं तरी चालेल?" कोकण भवनातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी विचारलं. हो म्हटलं. ते बराच वेळ यादी बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "सगळंच लाव बाबा. नको ते कोणतं, हे घरात विचारायला गेलो तर महाभारत होईल."

सगळ्यात जास्त दिवस गेले आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखली ती चौकाभोवती सात-सात घरं ठेवून, आणि कुणाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागू न देता, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं घर वाढवता यावं. वास्तुकलेची पोरं अजून तिथे वह्या घेऊन फिरताना दिसतात. केबलवाल्याच्या नजरेनं बघा : गच्ची ते गच्ची सरळ लाइन नाही, आणि दरवर्षी कुणीतरी मजला चढवतो. मजला चढला की माझी तार तुटली. गवंडी ती गाठ मारून जोडायचे, खरोखरची गाठ, सुतळीला मारतात तशी. आणि कमाल म्हणजे ॲनालॉगमध्ये त्या गाठीतूनही चित्र यायचं! मुंग्यांसकट, पण यायचं.

तिथल्याच एका आजींचा टीव्ही इतका जुना की त्याला एव्हीची भोकंच नव्हती. डबा लावायचा कुठे? शेवटी लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा मॉड्युलेटर आणला आणि डब्याचं डिजिटल चित्र परत ॲनालॉग करून त्यांच्या अँटेनाच्या भोकात सोडलं. माझ्या कंट्रोल रूममधली जुनी खोड आजींच्या कपाटावर जाऊन बसली. आजींना त्याचं काही नव्हतं. 'होम मिनिस्टर' लागतंय ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

31 मार्चला रविवार होता. धुळवड होऊन चार दिवस झालेले, आणि 3 एप्रिलला आयपीएल सुरू होणार, त्यामुळे पंधराव्या सेक्टरमधले हॉटेलवाले सगळ्यात आधी डबे घेऊन मोकळे झालेले. माझ्या गाळ्यात मी दोन टीव्ही शेजारी-शेजारी लावले, एक डब्याचा, एक नुसत्या तारेचा. मध्यरात्रीनंतर वरच्या कंपनीनं एकेक चॅनेल उतरवायला सुरुवात केली. सगळं एकदम काळं होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आधी हिंदी सिनेमांची गेली, मग खेळांची, बातम्यांची बराच वेळ राहिली. गेलेल्या प्रत्येक जागी मुंग्या. मी रिमोटनं खालून वर जात होतो आणि मुंग्यांची वस्ती वाढत होती. पहाटे तीनच्या सुमारास सगळीकडे त्याच. माझा लाइनमन पोरगा म्हणाला, "दादा, आवाज तरी बंद करा." मी केला नाही.

सकाळी सातपासून फोन. आणि गंमत अशी की बरेचसे फोन माझ्या वहीत नसलेल्या घरांतून! एक बाई म्हणाल्या, "आमची केबल गेली." मी नाव विचारलं, पत्ता विचारला, वही उलटसुलट केली. "ताई, तुमची जोडणी दिसत नाही हो माझ्याकडे." पलीकडे जरा शांतता. मग त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे ती खालच्या वहिनींच्या इथून घेतलीय. अकरा वर्षं झाली." मी वर गेलो. चहा झाला. अकरा वर्षांचे पैसे मागावेत असं एकदा मनात आलं, पण माझ्या खिशातल्या वहीत नऊशे होते आणि कंपनीच्या कागदावर अडीचशे. मी नव्या डब्याचा अर्ज पुढे केला आणि पेन दिलं.

एप्रिल संपेस्तोवर हजारावर डबे लागले. वहीपेक्षा जास्त. कंपनीच्या संगणकावर माझं नाव टाकलं की आता तो आकडा एका क्षणात दिसायचा, आणि तो मीही कमी करू शकत नव्हतो आणि कंपनीही. वाटणी ट्रायनं, म्हणजे सरकारी नियामकानं, ठरवून दिलेली. वेगळा करार नसेल तर फुकट चॅनेलांच्या पैशात माझे पंचेचाळीस टक्के, पैशाच्या चॅनेलांत पस्तीस. माझ्या बरोबरीच्या दोघा-तिघांनी त्याच वर्षी धंदा सोडला. ते चोर होते म्हणून सोडला असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तारा आमच्या, शिड्या आमच्या, जुलैत गच्चीवर शॉक खाणारे आमचे. पंचेचाळीस टक्क्यांत हे बसत नव्हतं. पण आधीचा हिशेब सरळ होता असंही मी म्हणणार नाही.

मग पाऊस आला. डीटीएचवाल्यांच्या छोट्या डिशा मोठ्या सरीत अडकतात, आपली केबल चालू राहते, हे मी दरवर्षी मिशीला ताव देत सांगायचो. त्या वर्षी केबलही अडकली. चित्र थिजायचं, चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, मग एकदम काळं. मीटर घेऊन फिरलो तर कारण जुनंच निघालं. खाडीच्या खाऱ्या हवेनं कनेक्टरांच्या आत हिरवा गंज धरला होता. तो काही त्या जूनमध्ये धरलेला नव्हता. सात-आठ वर्षं तिथेच असणार. ॲनालॉगमध्ये त्या गंजातून थोड्या मुंग्या यायच्या आणि लोक चालवून घ्यायचे. डिजिटलचा एक काठ असतो. काठाच्या अलीकडे चित्र आरशासारखं, पलीकडे काहीच नाही. आमच्या निम्म्या तारा वर्षानुवर्षं त्या काठावर उभ्या होत्या. श्रावण लागेपर्यंत आम्ही कनेक्टरच बदलत होतो. काढलेले बिस्किटांच्या डब्यात टाकायचो. दोन डबे भरले.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी आठव्या सेक्टरमधल्या त्या काकूंचा फोन आला. बाहेर मुसळधार, समोरचा पारसिक डोंगर दिसेनासा झालेला.

"टीव्ही गेला रे."

"मुंग्या आहेत का पट्टे?" तोंडातून निघूनच गेलं.

"मुंग्या कुठल्या आता? आधी दोन चौकोन आले, मग सगळेच चौकोन, मग काळं. तू असा फोनवर बोलून काय कळणार तुला? वर ये आणि बघ."

मी रेनकोट चढवला आणि पोराला शिडी काढायला सांगितली.